नवापूरच्या बाकावर बसून स्वर्गाचा विचार

मागच्या उन्हाळ्यात नवापूर तालुक्यातल्या एका गावी आमच्या नात्यातल्या एका काकांची माती होती. धुळ्याहून माझ्यासोबत ऑफिसातला एक सहकारी आला होता. तो अमळनेरकडचा. ख्रिस्ती दफन त्याने आधी कधी पाहिलेलं नव्हतं. पेटी खाली उतरली, प्रत्येकाने मूठ मूठ माती टाकली, पाळक म्हणाले, "आपले बंधू परक्या मुलखातून स्वतःच्या घरी गेले." बायका रडत होत्या आणि रडता रडताच गात होत्या. इथवरचं त्याला सगळं समजलं.

घोळ पुढे झाला. घरी आल्यावर मांडवात चहा फिरला आणि अर्ध्या तासात माणसं कामाच्या गोष्टींवर आली. उद्या मोटारीची पाळी कोणाची, काकांच्या नावावरच्या पीककर्जाचं काय, चर्चचा गळका पत्रा पावसाआधी बदलायचा राहिलाय. शिवाय काका शेजारच्या एका एकट्या बाईला दर महिन्याला ज्वारी देत, ती आता कोण पोचवणार? तिथेच थोरल्याने ते अंगावर घेतलं.

परतताना कोंडाईबारीच्या घाटात, मोटारसायकलवर मागे बसून, सहकाऱ्याने कानाशी विचारलं, "तठे इतलं भारी शे, तं मंग आठे कसाले इतली मरमर?" तिथे एवढं चांगलं आहे, तर इथे कशाला राबायचं?

प्रश्न चेष्टेतला नव्हता. मी साक्री येईपर्यंत बडबडत होतो, पण वाऱ्यात त्याला निम्मं ऐकू आलं नसणार, आणि जे ऐकू आलं त्याने त्याचं समाधान झालं नाही. म्हणून इथे सावकाश लिहितो.

शब्द एकच, अर्थ दोन

पहिली अडचण 'स्वर्ग' या शब्दातच आहे. मराठी कानाला स्वर्ग म्हटलं की पुण्याईने मिळणारं सुखाचं ठिकाण आठवतं, आणि पुण्य संपलं की तिथून खाली यावं लागतं. गीतेच्या नवव्या अध्यायात तसं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणून आपल्याकडच्या विचारी माणसाला स्वर्गाचं फार कौतुक नसतं. त्याचं लक्ष मोक्षाकडे असतं.

मराठी बायबलात शब्द तोच आला, आशय मात्र वेगळा. तिथे स्वर्ग म्हणजे आधी देवाची सोबत, आणि देवाची इच्छा जिथे विनाअडथळा चालते ती अवस्था. तो पुण्याने विकत मिळत नाही आणि पुण्य संपल्यावर सुटतही नाही.

दुसरी गोष्ट पुष्कळ ख्रिस्ती लोकांनाही धड सांगता येत नाही, आणि काही उपदेशकही ती गाळतात. आत्मा उडून वर गेला आणि गोष्ट संपली, एवढीच ख्रिस्ती आशा नाही. मेल्यावर माणूस ख्रिस्ताजवळ जातो, हा मधला मुक्काम. शेवट पुनरुत्थानाचा आहे. पुनरुत्थान म्हणजे मेलेल्यांनी नव्या, न नासणाऱ्या देहाने उठणं. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात नवं आकाश आणि नवी पृथ्वी आहे, आणि तिथे पवित्र नगरी वरून खाली उतरते. माणसं वर चढून जात नाहीत, नगरी खाली येते! मला वाटतं, माझ्या सहकाऱ्याच्या प्रश्नाची निम्मी गाठ इथेच सुटते. ज्या घराची दुरुस्ती होऊन तिथेच राहायचं ठरलं आहे, त्या घराच्या भिंतीला कोणी पान खाऊन पिचकारी मारत नाही.

कैदेतल्या माणसाचा पेच

या विषयावरचं सगळ्यात प्रामाणिक लिखाण एका कैद्याचं आहे. पौल नावाचा प्रेषित, म्हणजे येशूने निरोप घेऊन पाठवलेला माणूस, पहिल्या शतकात कैदेत पडला होता. कैद कोणत्या शहरातली यावर अभ्यासकांत वाद आहे. रोम हे जुनं, रूढ उत्तर. खटल्याचा निकाल मरणही असू शकत होता. तिथून त्याने फिलिप्पै शहरातल्या लहानशा मंडळीला पत्र लिहिलं. मंडळी म्हणजे विश्वासणाऱ्यांचा समूह; चर्चची इमारत वेगळी.

त्या पत्रात तो म्हणतो की मला जगणं म्हणजे ख्रिस्त आहे आणि मरणं हा लाभ. मग कबूल करतो की मी दोहोंच्या पेचात सापडलोय. सुटून ख्रिस्ताजवळ जावं अशी फार ओढ आहे, ते कितीतरी बरं. पण मी देहात राहणं तुमच्यासाठी जास्त गरजेचं आहे. आणि लगेच, तर मग मी राहीन, तुमच्या वाढीसाठी आणि आनंदासाठी.

यात पौल ओढ लपवत नाही. "नाही हो, मला तर इथेच बरं वाटतं" असं तोंडदेखलं बोलत नाही. आणि ती ओढ आहे म्हणून कामातून अंगही काढून घेत नाही. 'तुमच्यासाठी' या एका शब्दावर तो निर्णय फिरवतो.

हे मी पत्रात वाचायच्या कितीतरी आधी आमच्या ओट्यावर पाहिलं होतं. आजी तेव्हा पंचाऐंशीच्या पुढे होती. रोज रात्री कंदिलाची वात कमी करून, वीज आल्यावर बल्ब बंद करून, तिची एकच ठरलेली प्रार्थना असे, "प्रभू, आता बोलाव." आणि एप्रिल लागला की बिबड्यांची, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांची, ज्वारी भिजत घाली. तीन दिवस पाण्यात. तिसऱ्या दिवशी घरभर आंबूस वास. मग ती भरड दळायची, मोठ्या पातेल्यात लसूण, तिखट, तीळ, मीठ घालून हाटायची, आणि गरम असतानाच खाटेवर पसरलेल्या ओल्या कापडावर पाण्याच्या हाताने गोल गोल थापायची. संध्याकाळी कापड उलटं करून पाठीवर पाणी शिंपडायचं, मग बिबडे सुटत. चटके बसून तिची बोटं लाल व्हायची.

दर वर्षी थापताना म्हणे, "पुढल्या साली मी काही नाही." एकदा आई वैतागून म्हणाली, "मग एवढे कशाला करता, आई? खाणार कोण?" आजीने मानही वर केली नाही. "मी नाही, तुम्ही तं आहात ना."

फिलिप्पैकरांस पत्र तिला वाचता येत नव्हतं. ती निरक्षर होती. असं "पुढल्या साली मी नाही" म्हणत तिने माझ्या आठवणीत नऊ उन्हाळे काढले.

बाक अर्धा इकडे, अर्धा तिकडे

त्याच पत्रात पौल पुढे म्हणतो की आपलं नागरिकत्व स्वर्गात आहे. हे वाक्य 'इथलं काही आपलं नाही, वरची वाट पाहा' अशा अर्थाने सर्रास सांगितलं जातं. पण फिलिप्पै कोणतं शहर होतं हे कळलं की अर्थ बदलतो.

फिलिप्पै होतं मॅसेडोनियात, रोमपासून शेकडो कोस दूर. इसवी सनापूर्वी ४२ साली तिथे मोठी लढाई झाली आणि नंतर रोमने आपले निवृत्त सैनिक तिथे वसवले. शहर रोमची वसाहत झालं. तिथल्या नागरिकांना आपल्या रोमनपणाचा भारी अभिमान. आता, वसाहतीतल्या माणसाने 'मी रोमचा' म्हणायचं ते बोचकं बांधून रोमला निघून जाण्यासाठी नव्हे. त्याचं काम, रोमचा कायदा, रोमची रीत त्या परक्या मुलखात रुजवणं. पौलाच्या वाचकांना हे सांगावं लागत नव्हतं, ते त्यातच राहत होते.

आपल्याला सांगायचं तर सुरत घ्या. उधना, लिंबायतकडे खानदेशी माणूस दोन-दोन पिढ्या राहतोय. घरी अहिराणी, श्रावणात कानबाई, रोट, हिवाळ्यात भरताची वांगी कोणी ना कोणी गावाकडून आणतोच. मन गावात, हात सुरतेत. लूमवरची पाळी तो गावाच्या आठवणीपायी चुकवत नाही. उलट गावाकडे बघूनच तर राबतो. अर्थात दाखला इथे थोडा लंगडतो, कारण सुरतेचा माणूस शेवटी गावी परततो, आणि वर म्हटल्याप्रमाणे ख्रिस्ती आशेत 'गाव'च इकडे यायचं आहे.

त्यापेक्षा मला नवापूरचं स्टेशन जवळचं वाटतं. सुरत–भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन १९६० साली दोन राज्यं वेगळी झाली तेव्हा बरोबर सीमेवर सापडलं. फलाटावर एक बाक आहे, मधोमध रेघ, एका अंगाला महाराष्ट्र लिहिलेलं, दुसऱ्या अंगाला गुजरात. लोक दोन्हींवर मांडी टाकून फोटो काढतात. पण त्या बाकावर रोज गाडीची वाट पाहणाऱ्याला त्याचं अप्रूप नसतं. तो दोन राज्यांत बसून शेंगा खातो आणि सालं खिशात ठेवतो; निदान ठेवावीत. ख्रिस्ती माणूस असा बसलेला आहे. त्याला एका वेळी दोन्हीकडचे नियम लागू.

आणि पौलाने इथलं नागरिकत्व टाकून दिलं होतं असंही नाही. याच फिलिप्पैत पूर्वी त्याला चौकशीविना फटके मारून कोठडीत टाकलं होतं. सकाळी अधिकाऱ्यांनी निरोप धाडला, गुपचूप जा. पौल म्हणाला, आम्ही रोमन नागरिक, उघड मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर काढा. अधिकारी धावत आले, विनवण्या करू लागले. स्वर्गाच्या गप्पा मारणाऱ्या माणसाने तालुक्याच्या कचेरीत कागद दाखवायला लाजू नये, हे मी यावरून घेतो.

केळ निसवली, घड उतरला नाही

येशू सतत एका गोष्टीबद्दल बोलला, ती म्हणजे देवाचं राज्य. ते आलं आहे असंही तो म्हणतो, आणि ते येवो अशी प्रार्थनाही शिकवतो. आलं की यायचंय? धर्मशास्त्राचे अभ्यासक यावर जाड पुस्तकं लिहितात. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला हे एका वाक्यात सांगता येईल: केळ निसवली आहे, घड अजून उतरलेला नाही.

निसवण म्हणजे बुंध्यातून केळफूल बाहेर पडणं. ते दिसलं की बाग लागली, पीक आलं असं आपण म्हणतोच. पण घड कापणीला यायला पुढे तीन-चार महिने जातात. त्या महिन्यांत शेतकरी हात बांधून बसतो का? पाणी तेव्हाच जास्त सांभाळावं लागतं. केळफूल खुडायचं, वजनाने झाड वाकू नये म्हणून टेकू द्यायचा. आणि मे महिन्यातलं वादळ! एका रात्रीत उभी बाग आडवी होते. निसवण झाली म्हणूनच जोखीम मोठी, आणि म्हणूनच राखण मोठी.

ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणे येशूचं मरणातून उठणं ही ती निसवण. शेवट काय होणार ते दिसलं आहे. आता मधल्या काळात पाणी द्यायचं आहे.

येशूने शिकवलेल्या त्या प्रार्थनेतही, जिला प्रभूची प्रार्थना म्हणतात, हेच मागणं आहे: जसं स्वर्गात तसं पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. आणि त्यापुढचं मागणं रोजच्या भाकरीचं. या दोन मागण्यांच्या मध्ये एक श्वास घेण्याइतकंच अंतर आहे, आम्ही लहानपणी ती घाईत म्हणायचो तेव्हा तर तेवढंही नसायचं.

मग करायचं काय?

यादी फार गूढ नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकात, न्यायाच्या दिवसाचं चित्र आहे. तिथे विचारलं जातं ते भुकेल्याला खाऊ घातलं का, तहानेल्याला पाणी दिलं का, परक्याला घरात घेतलं का, उघड्याला कपडा, आजाऱ्याची विचारपूस, कैद्याची भेट. बस. काकांची ज्वारी यात येते. चिंचपाड्याला स्वातंत्र्याआधीपासून चालत आलेलं ख्रिस्ती हॉस्पिटल येतं. पोरांचा अभ्यास घेणं, वेळेवर कर भरणं, बायकोशी नीट बोलणं, सगळं येतं.

उलट टोकही पहिल्याच शतकात दिसलं होतं. थेस्सलनीका शहरातल्या काही विश्वासणाऱ्यांनी कामधंदा सोडला. बहुधा प्रभू आता येतोच आहे, मग पेरणी कशाला, असा हिशेब. पौल स्वतः तंबू शिवून पोट भरायचा. त्याने कळवलं, ज्याला काम करायचं नाही त्याने खाऊही नये. यापेक्षा सोपं भाष्य मला तरी करता येणार नाही.

"पण हे गरिबाला गप्प बसवायचं औषधच ना?"

हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे. कार्ल मार्क्सने १८४४ साली धर्माला लोकांची अफू म्हटलं. त्याआधीच्याच ओळीत त्याने धर्माला पिळलेल्या माणसाचा सुस्काराही म्हटलं होतं, ते सहसा कोणी सांगत नाही. असो. आक्षेप खोटा नाही. 'वर मिळेल, इथे सोसा' हे वाक्य मजुराला, बाईला, गुलामाला ऐकवलं गेलं आहे, आणि व्यासपीठावरून ऐकवलं गेलं आहे. ज्याच्या पोटात दोन वेळचं आहे त्याने उपाशी माणसाला स्वर्गाची गोष्ट सांगायची, यात मला नेहमी काहीतरी अश्लील वाटत आलं आहे.

पण औषध आणि अफू यांतला फरक मात्रेचा आणि वापराचा. पंडिता रमाबाईंकडे बघा. स्वर्गावर ठाम विश्वास असलेली बाई. १८९६-९७च्या दुष्काळात ती मध्य भारतात जाऊन उपाशी मुली, विधवा यांना केडगावला घेऊन आली. त्यांना लिहायला-वाचायला, विणायला, छापखान्यात काम करायला शिकवलं. 'वर मिळेल' म्हणून ती पुण्यात बसून राहिली नाही. उतारवयात हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करत बसली, आणि १९२२ साली गेली तोवर तेच काम हातात होतं.

आशा माणसाला झोपवते की उठवते, हे त्या माणसाच्या हाताकडे बघून कळतं. तोंडाकडे बघून कळत नाही.

"म्हणजे स्वर्गासाठी पुण्य साठवणंच झालं की!"

नाही. ख्रिस्ती शिकवणीत तारण, म्हणजे पाप आणि मरण यांतून सुटका, हे देवाच्या कृपेचं दान आहे. चांगल्या कामांचं त्यात नेमकं स्थान काय, यावर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात शतकानुशतकं भांडण झालं, त्यात मी इथे शिरत नाही. पण 'इतकी पोती ज्वारी वाटली म्हणजे एक खोली मिळाली' असा हिशेब दोघांनाही मान्य नाही.

मत्तयाच्या त्याच चित्रात एक गंमत आहे. ज्यांना 'या' म्हटलं जातं, ते गोंधळतात. विचारतात, प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं? त्यांनी नोंदवहीच ठेवलेली नाही. काकांनीही ज्वारी कुठे लिहून ठेवली नव्हती. म्हणून तर मांडवात महिन्याला किती पायली, यावर भावांत दहा मिनिटं वाद झाला.

"ओढ आहे म्हणजे मरायची घाई आहे?"

हा प्रश्न हलक्याने घेऊ नये, आपल्या भागात तर नाहीच. कर्ज, गेलेलं पीक, घरातलं भांडण, यांत माणूस 'सुटावं' म्हणतो, आणि वरून ते भक्तीचं वाक्यही वाटू शकतं. पण ते वेगळं आहे. पौलाच्या ओढीत कोणाच्या तरी जवळ जाणं आहे. निराशेत फक्त इथून पळणं असतं. ख्रिस्ती शिकवणीत जीव देवाने सोपवलेला आहे, तो परत कधी मागायचा ते ठरवणं आपल्याकडे नाही. आजीसुद्धा "बोलाव" म्हणायची. "येते" असं ती कधीच म्हणाली नाही. ज्याच्या मनात 'सुटावं' हे रेंगाळत असेल त्याने ते घरच्या माणसाला, पाळकाला, डॉक्टरला बोलून दाखवावं. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या नंबरवरही बोलता येतं, मराठीत.

हे सगळं मी सहकाऱ्याला नंतर कँटीनमध्ये सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. पटलं का ते माहीत नाही. तो अजूनही म्हणतो की तुमचं सगळं बाकावर बसून चालतं. एवढं मात्र त्याने विचारलं की मग आजीला बोलावलं का शेवटी?

बोलावलं. फाल्गुनात, झोपेत. डब्यात मागल्या साली थापलेले बिबडे निम्म्याच्या वर होते. आम्ही ते कच्च्या शेंगदाण्यांसोबत आषाढापर्यंत खाल्ले. एप्रिलात आईने ज्वारी भिजत घातली. पहिल्या खेपेला पातळ झाली, बिबडे कापडाला चिकटून फाटले. कापड आजीचंच होतं, कडेने विरलेलं.